एका ओढीचा मांडव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. सुरवंडीच्या खाडीवर पूल नव्हता, इंजिनाची फटफट कुणाच्या कानावर पडली नव्हती, आणि वारा म्हणेल तेव्हाच माणूस पलीकडे जात होता, तेव्हाची. अलीकडे आपली सुरवंडी, पलीकडे सातविणवाडी, आणि मधे ही एवढी रुंद खाडी. तिच्या तोंडाशी वाळूचा लांबलचक दांडा. दर्या आणि खाडी तिथे समोरासमोर येतात, म्हणून तिथलं पाणी कायम भांडत असतं.

त्या खाडीत बाळोजी नाखव्याचा मचवा चालायचा. माणसं, कोंबड्या, नारळाची पोती, सगळं त्यातूनच जायचं. उन्हापावसापासून आडोसा म्हणून मचव्यावर बांबूच्या कमानी ठोकलेल्या असत आणि त्यांवर शिडाचं जाड कापड ताणून चारी बाजूंनी खाली बांधलेलं असे. त्याला लोक मांडव म्हणायचे. आणि हा मांडव शिवायचा, बांधायचा, फाटला तर सांधायचा, तो आवडाबायनं.

आवडाबाय जातीची खारवीण. तिचा बाप भिवा शिडं शिवायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं दाभण पोरीच्या हातात दिलं. पोर बापाच्या पुढे गेली. असं म्हणतात, आवडाबायनं घातलेल्या टाक्यातून पाणी तर सोडाच, उजेडसुद्धा आत यायचा नाही. तिनं मारलेली गाठ सोडवायची तर तिलाच बोलवावं लागे. बंदरोबंदरीचे तांडेल म्हणायचे, कापड फाटेल, काठी मोडेल, पण आवडाबायची गाठ सुटायची नाही. हे ऐकून ती वर बघायची नाही, पण तिला बरं वाटायचं. का वाटू नये?

तिचा नवरा धाकू त्याच मचव्यावर खलाशी होता. हसरा माणूस. मचव्यात बसलेल्या म्हाताऱ्यांना तो वर बोट दाखवून सांगायचा, "भिऊ नका. हा मांडव माझ्या बायकोनं बांधलाय. दर्या आत यायचा नाय."

एका वर्षी दसरा झाल्यावर मचवा सातविणवाडीहून परत येत होता. आत नऊ माणसं. अर्ध्या खाडीत आभाळ काळं झालं आणि आडवा पाऊस सुरू झाला. बायका ओरडायला लागल्या तसा धाकू त्यांना धीर द्यायला मांडवाखाली शिरला आणि पाणी आत येऊ नये म्हणून पुढचा पडदा त्यानं आतून घट्ट बांधून घेतला. तेवढ्यात दांड्यापाशी एक लाट आली आणि मचवा एखादी परात पालथी घालावी तसा पालथा झाला.

मागे सुकाणूपाशी दोघं होते. ते बाहेर फेकले गेले आणि वाचले. मांडवाखाली सात जण होते.

ओहोटी लागल्यावर मचवा दांड्यावर रुतलेला सापडला. सगळं गाव धावलं. कमानी मोडल्या होत्या, सुकाणू तुटलं होतं. मांडव मात्र जसाच्या तसा होता. एक टाका उसवला नव्हता, एक गाठ सुटली नव्हती. काथ्याचा दोर पाण्यानं फुगून लाकडासारखा झाला होता. तो कोयत्यानं तोडला तेव्हा सातही जण आत सापडले. धाकूच्या बोटांना नखं उरली नव्हती.

आवडाबाय रडली नाही. तिनं ती बोटं हातात घेतली, मग दोराची तोडलेली गाठ उचलली आणि कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत बसली.

बायका म्हणाल्या, "दर्यानं नेलं गो. तुझा काय दोष?"

ती म्हणाली, "दर्यानं नाय नेलं. दर्यानं उलटवलं. नेलं ते माझ्या गाठीनं."

चाळीस दिवस तिनं दाभण हातात धरलं नाही. लोकांना वाटलं, आता ही शिवणार नाही. एकेचाळिसाव्या दिवशी ती उठली, परसात पडलेली जुनी फुटकी होडी तिनं ओढत खाडीत नेली, त्यावर बांबू वाकवले, कापड ताणलं, बांधलं, आणि होडी पालथी घालून स्वतः तिच्याखाली शिरली.

काठावर तिची सासू उभी होती. मथीआय म्हणायचे तिला. लेक गेलेला, आणि आता सून पाण्याखाली. मथीआयनं आवडाच्या कमरेला दोर बांधून ठेवला होता आणि ती मोठ्यानं आकडे मोजायची. तीस झाले की ओढायचं, असं ठरलेलं.

आवडाबाय शोधत होती असं काहीतरी, जे वाऱ्याला सुटणार नाही पण माणसाला सुटेल. अंधारात, पाण्यात, घाबरलेल्या माणसाला, एका हातानं. गाठ तर नकोच होती. मग तिनं बंडीला असतं तसं बिरडं करून पाहिलं. कापडाच्या काठाला फास, आणि फासात आडवं अडकवायचं लाकडी बिरडं. कोरडं असताना छान निघायचं. पाण्यात लाकूड फुगलं आणि फासात आवळून बसलं. मग करवंटीचं केलं. ते फुगेना, पण जोराचा वारा आला की तुटायचं. चामड्याचा फास केला, तो भिजून लांबला आणि मांडव आपसूकच उडून गेला. असं किती दिवस चाललं? कुणी म्हणतं सहा महिने, कुणी म्हणतं दोन पावसाळे. असं म्हणतात, ती इतके दिवस पाण्याखाली बसली की मासे तिला ओळखायला लागले आणि तिच्या केसांत कालवं धरली.

एकदा मात्र तीस झाले, मथीआयनं दोर ओढला आणि दोर हलेना. खाली कुठेतरी अडकला होता. म्हातारीनं चाळीस मोजले, पन्नास मोजले, मग लुगड्याचा काचा मारून ती स्वतःच पाण्यात शिरली. सुनेला तिनं केसांना धरून काठावर आणलं. आवडानं डोळे उघडले तशी मथीआयनं तिच्या मुस्कटात मारली.

"एक जीव दिला तो पुरे नाय झाला? दुसराही देऊ?"

आवडाबाय धापा टाकत होती. पोटातलं खारं पाणी बाहेर काढून ती म्हणाली, "आत्ये, आत असताना मला कळेना, बिरडं कुठल्या बाजूला आहे. हातच पोचेना. धाकूलाही तसंच झालं असेल."

मथीआयनं सुनेचं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "मग हात पोचेल असं कर. मी मोजते."

त्या दिवशी तिला कोडं सुटलं. तिनं बैलाच्या शिंगाची बिरडी घासून घासून गुळगुळीत केली. शिंग फुगत नाही आणि सहसा तुटत नाही. फास सुती दोराचे केले आणि त्यांना मेण व उंडीचं तेल चोळलं. फासात बिरडं आडवं बसलं की वारा जितका ओढेल तितकं घट्ट. पण प्रत्येक बिरड्याच्या एका टोकाला बारीक दोरी होती, आणि त्या सगळ्या दोऱ्या एका जाड दोरात गुंफलेल्या होत्या. तो दोर मांडवाच्या आतून, बसणाऱ्यांच्या डोक्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. कुणीही, कुठेही बसलेलं असो, हात वर केला की दोर हाताला लागायचा. ओढला की सगळी बिरडी उभी होऊन फासांतून निसटायची, आणि सगळा मांडव मोकळा. एक ओढ. बस्स.

मथीआयनं मोजायला सुरुवात केली आणि ती चारावर असताना आवडाबाय पाण्यावर आली.

आता हा मांडव बांधायचा कुणाच्या मचव्यावर? बाळोजी नाखव्यानं तोवर नवा मचवा केला होता. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी. आवडाबायनं त्याला दोर ओढून दाखवला आणि मांडव त्याच्या पायाशी गळून पडला.

"अगो आवडे," तो म्हणाला, "एका ओढीत पडणारा मांडव मी मचव्यावर घालू? वाऱ्यात उडाला तर लोक मला हसतील. तुझ्या गाठी चांगल्या होत्या."

"नाखवा, माझ्या गाठी किती चांगल्या होत्या ते मी बघितलंय. तुम्हीपण बघितलंय."

नाखव्यानं मान खाली घातली. कोयता त्यानंच चालवला होता.

"आणि उडालाच तर?"

"उडाला तर मला वाळीत टाका. रोज सकाळी मी येऊन एकेक बिरडं बघेन. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय मचवा सोडायचा नाय, एवढं कबूल करा."

नाखव्यानं कबूल केलं. आणि तीन वर्षं रोज सकाळी, थंडी असो की ताप असो, आवडाबाय धक्क्यावर आली. संध्याकाळी मचवा परतला की ती मांडव गोड्या पाण्यानं धुवायची, कारण कापडात मीठ सुकलं की सूत कुरतडलं जातं. मग तो सावलीत वाळवायची, उन्हात कधी नाही. जिथे कमान घासते तिथे दुहेरी ठिगळ लावायची. फास सैल झालेला दिसला की तो शिवत बसायची नाही, कापून नवा घालायची. नाखव्याच्या खलाशांना ती म्हणायची, "अजून चालेल, असं जे वाटतं ना, ते आजच बदला." तीन वर्षांत कितीतरी वारे आले. मांडव एकदाही उडाला नाही. लोक हळूहळू विसरले की तो एका ओढीत सुटतो. फक्त जाड दोर डोक्यावर लोंबायचा, आणि प्रवासी त्याला पिशव्या अडकवायचे. आवडाबाय दिसली की घाईघाईनं काढायचे.

मग तो वैशाख आला. सातविणवाडीची मुलगी सुरवंडीत द्यायची होती आणि वऱ्हाड मचव्यातून येत होतं. नाखवा-खलाशी धरून एकेचाळीस माणसं. नवरी होती, तिची आजी होती, सनई वाजवणारा होता. नाखवा स्वतः मचव्यावर होता, कारण नवरा त्याचा भाचा. दुपारची वेळ. आवडाबाय धक्क्यावर दुसऱ्या होडीचं शीड मांडीवर घेऊन बसली होती आणि मथीआय तिला दोरा ओवून देत होती.

सनईचा आवाज पाण्यावरून येत होता. अचानक तो थांबला. आवडाबायनं वर बघितलं. दांड्यावरून वळवाचा वारा वाळू उडवत येत होता, भिंतीसारखा. मचवा त्या भिंतीत शिरला, एकदा तिरका झाला, सावरला, पुन्हा तिरका झाला आणि पालथा पडला.

धक्क्यावर एकच आकांत झाला. होड्या सोडायला माणसं धावली, पण त्या वाऱ्यात होडी काठावरून हलेना. आवडाबाय पळत खाडीत शिरली, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली आणि तिथेच थांबली. तिला करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. जे करायचं ते तिनं सकाळी करून ठेवलं होतं. समोर मचव्याची काळी पाठ दिसत होती आणि तिच्याखाली एकेचाळीस माणसं होती.

मागून आवाज आला. मथीआय काठावर उभी राहून मोजत होती. "एक. दोन. तीन."

आत काय झालं, ते नाखव्यानं पुढे आयुष्यभर सांगितलं. सगळं काळोखं झालं. वर काय नि खाली काय, कळेना. कुणाचा तरी पाय तोंडावर, कुणाची बांगडी गळ्यात. मनात एवढंच आलं, संपलं. आणि मग हाताला दोर लागला. मी शोधला नाही, तो म्हणायचा, तोच माझ्या हातात आला. जाड, मेणाचा, ओळखीचा. मी ओढला.

"अकरा. बारा."

तेराव्याला मचव्याच्या बाजूला पाणी पांढरं झालं. मांडव वर आला. त्या एवढ्या मोठ्या कापडाच्या पोटात हवा भरली आणि ते पाण्यावर फुगून उभं राहिलं. मग एक डोकं वर आलं. मग दोन. मग एकदम इतकी की काठावरची माणसं किंचाळायलाच लागली.

"मांडव धरा!" आवडाबाय ओरडली. "पोहू नका! मांडव धरा!"

सगळ्यांनी मांडवाचे फास धरले. पोहता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना धरलं. आणि इथून पुढचं खरं किती ते मला माहीत नाही, मी फक्त ऐकलंय. ओहोटी लागलेली होती. पाणी दर्याकडे जात होतं. त्या पाण्यानं मांडव बाहेर दर्यातच जायला हवा होता. पण आवडाबायनं उजवा हात पुढे केला आणि टाका घातल्यावर दोरा ओढतात तसा मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे घेतला. आणि असं म्हणतात, तिच्या प्रत्येक ओढीला मांडव एकेक हात काठाकडे सरकत आला, ओहोटीच्या उलट, एकेचाळीस माणसांना घेऊन. वाळूला लागेपर्यंत तिचा हात थांबला नाही. कुणी म्हणतात वारा फिरला होता. फिरला असेल. पण ज्यांनी फास धरले होते ते सगळे एकच सांगायचे, की त्यांना कुणीतरी ओढल्यासारखं वाटत होतं.

माणसं वाळूवर पडली. नाखवा उठला, डोक्याचं ओलं पागोटं काढून आवडाबायच्या पायाशी ठेवायला वाकला. तिनं त्याला बाजूला केलं.

"ते राहू दे. आधी माणसं मोजू दे."

ती एकेकापाशी गेली. प्रत्येकाच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून मोजत गेली. नवरी सव्विसावी होती. सनईवाला सदतिसावा, सनई कुठेतरी गेली होती. चाळीस झाले आणि पुढे कुणी नव्हतं. तेवढ्यात वाळूवर पसरलेल्या मांडवाचा एक कोपरा हलला आणि खालून नवरीची आजी बाहेर आली, डोक्यावर पदर सारखा करत. "मेल्यांनो, मला कुणी उठवाल की नाय?"

आवडाबायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एकेचाळीस," ती म्हणाली. आणि धाकू गेला तेव्हा जी रडली नव्हती, ती आता त्या म्हातारीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मथीआय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लग्न त्याच संध्याकाळी लागलं, सनईशिवाय.

त्यानंतर आवडाबायला बंदराबंदरांतून बोलावणी आली. ती जायची, पण एक अट असायची. मांडव मी शिवून देणार नाही, शिवायला शिकवेन. प्रत्येक मचव्यामागे दोन बायका बसवा माझ्यासमोर. असं करून तिनं खाडीच्या दोन्ही अंगांच्या कितीतरी बायकांच्या हातात दाभण दिलं. आणि मांडव तयार झाला की ती मचव्याच्या मालकाला म्हणायची, "आता बायकामुलांना घेऊन आत बसा." मालक बसले की ती बाहेरून घागरीघागरीनं पाणी ओतायची आणि मोजायला लागायची. बाहेर येईपर्यंत ती थांबायची नाही. एका बंदरात एका श्रीमंत नाखव्यानं तिच्या बिरड्यांवरून गुपचूप काथ्याच्या गाठी मारून घेतल्या होत्या, मांडव उडू नये म्हणून. त्याला आत बसवून ती शंभरापर्यंत ओतत राहिली. आतून पोरं रडायला लागली, नाखवा शिव्या द्यायला लागला, मग विनवायला लागला. तेव्हा तिनं कोयता आत सरकवला आणि म्हणाली, "दर्या कोयता देत नाय, नाखवा." त्यानं स्वतःच्याच हातानं सगळ्या गाठी तोडल्या.

खूप म्हातारी होऊन ती गेली. मांडवाचा काठ शिवता शिवता, मांडीवर कापड असतानाच गेली, असं म्हणतात. शेवटचा टाका अर्धा राहिला होता. तो तिनं शिकवलेल्या एका बाईनं पुरा केला, आणि मग तिला नेलं.

आज खाडीवर पूल आहे. मचवे गेले, फायबरच्या होड्या आल्या. कापडाच्या जागी प्लॅस्टिकची ताडपत्री आली, शिंगाच्या बिरड्यांच्या जागी स्टीलचे हूक आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा आल्या. तरी पावसाळा सरून होड्या पाण्यात ढकलायच्या आदल्या दिवशी सुरवंडीत कुणी कामाला जात नाही. सगळ्या होड्या वाळूवर ओळीनं लावतात. छतं ताणतात, क्लिपा लावतात, आणि प्रत्येक होडीत तिचा मालक बायकापोरांसह आत जाऊन बसतो, मग तो कितीही मोठा असो. गावच्या बायका कळशा, बादल्या, हल्ली पाइपसुद्धा घेऊन वरून पाणी ओततात आणि सगळं गाव मोजतं. आत सगळ्यांनी डोळे मिटायचे असतात. ज्या होडीचं छत तेराच्या आत पडत नाही, ती होडी त्या वर्षी पाण्यात जात नाही. मग ती कितीची का असेना. छत पडलं की भिजलेली माणसं हसत, खोकत, एकमेकांना ढकलत बाहेर येतात.

तेव्हा त्या होडीच्या घरातली सगळ्यात वडीलधारी बाई पुढे होते. ती ओवाळत नाही, नारळ फोडत नाही. ती फक्त प्रत्येकाच्या ओल्या डोक्यावर हात ठेवते आणि मोठ्यानं मोजते. जेवढे आत गेले होते तेवढे भरले, की मगच ती म्हणते, "जाऊ दे हिला पाण्यात."